किनारा सर्वांचा, वाट कोणाची?

नांदेड-लातूरकडे येणाऱ्या वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांत एक लेखनप्रकार आता चांगलाच रुजला आहे. कोकणात किंवा गोव्यात ऐन समुद्रकाठी एखादे नवे आलिशान हॉटेल उघडते. खोल्या मोजक्या आणि भाडे सामान्य माणसाच्या महिन्याच्या कमाईला लाजवणारे, अशी त्याची ख्याती असते. अशा हॉटेलास 'बुटीक हॉटेल' म्हणण्याचा प्रघात आहे. उद्घाटन झाले न झाले तोच त्याचे 'पहिले दर्शन' छापून येते. पडदा सारताच समोर पसरलेला समुद्र, जांभ्या दगडाच्या भिंती, माडांची सावली, थाळीतली ताजी सुरमई, यांचे रसभरित वर्णन त्यात असते. सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी सांगितली जाते : निवांतपणा! दूरवर पसरलेली वाळू, आणि तिच्यावर चिटपाखरूही नाही!

त्या वाळूवर चिटपाखरू का नाही, हा प्रश्न मात्र या लेखकांना पडत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर माणसे राहत नाहीत काय? होड्या ओढणारे, जाळी सुकवणारे, मासळी निवडणाऱ्या स्त्रिया, सांजेला वाळूत हुंदडणारी गावची पोरे ही सारी कोठे गेली? ती गेली नाहीत; त्यांना बाजूला सारले गेले. त्यांच्या तेथे नसण्यालाच 'निवांतपणा' हे गोंडस नाव देऊन त्याची रात्रीच्या हिशेबाने विक्री चालू आहे. नव्या हॉटेलाच्या पहिल्या दर्शनात जे दिसत नाही तेच त्या हॉटेलाचे खरे भांडवल आहे, हे समाजवादी कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक सिद्धांतांच्या आधारे या व्यवहाराची फोड करता येते. हॉटेलाच्या खोलीचा भिंत-छप्पर बांधण्याचा खर्च शहरातल्या चांगल्या हॉटेलाहून फार वेगळा नसतो. स्वयंपाकी, वाढपी, सफाई कामगार यांचे वेतन तर बहुधा शहराहून कमीच असते. मग भाडे कित्येक पट का? हा अधिकचा पैसा श्रमाचा मोबदला नाही, की कोणा उद्योजकाच्या कल्पकतेचे फळही नाही. रिकार्डोने ज्याला खंड म्हटले तो हा खंड आहे : निसर्गाने दिलेल्या आणि वाढवता न येणाऱ्या जागेवर कब्जा असल्याबद्दल मिळणारी वसुली. शेतीचा खंड घेणारा निदान सातबाऱ्यावर आपले नाव दाखवतो. येथे ज्या वस्तूचा खंड घेतला जातो, ती वस्तू खंड घेणाऱ्याच्या मालकीचीच नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे भरतीरेषेखालील समुद्रतळ सरकारचा, म्हणजे जनतेचा आहे. 'खाजगी किनारा' नावाची वस्तू कायद्यात नाही. ती फक्त जाहिरातीत आहे.

मालकी नसताना खंड वसूल कसा होतो? त्याचे उत्तर मराठवाड्यातील कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. शेत तुमच्या नावावर असेल, पण शेताकडे जाणारी पाणंद शेजाऱ्याने काटे टाकून बंद केली, की तुमच्या मालकीला अर्थ उरत नाही. वहिवाटीच्या या भांडणांपायी तहसील कचेरीचे उंबरे झिजवणारी माणसे लातूर आणि नांदेड जिल्ह्यांच्या प्रत्येक तालुक्यात सापडतील. महसूल संहितेचे कलम 143 आणि 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम यांचा आधार घेऊन ती झगडत असतात. समुद्रकाठच्या हॉटेलाचा प्रश्न हा मुळात याच जातीचा आहे. किनारा कोणी विकत घेत नाही. किनाऱ्याची वाट तेवढी अडवली जाते. एका अंगाला कुंपण, दुसऱ्या अंगाला रखवालदाराची चौकी, आणि मध्ये 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी. एवढे केले की जनतेचा समुद्र हॉटेलाच्या आवारात जमा होतो.

ही कल्पनेतली भीती नाही. पणजीजवळ दोना पावलाकडील वायंगिणी किनाऱ्यावरच्या 'सिदाद द गोवा' या हॉटेलाचा इतिहास डोळ्यांखालून घालावा. या हॉटेलाच्या सोयीसाठी सरकारने खाजगी जमीन संपादित करून ती कंपनीच्या हवाली केली. 1983 च्या करारात एक अट मात्र होती : लोकांची किनाऱ्याकडे जाण्याची वाट खुली राहील. पुढे त्याच संपादित जमिनीवर हॉटेलाचे वाढीव बांधकाम उभे राहिले आणि वाटेवर गंडांतर आले. नागरिक न्यायालयात गेले. 2000 साली मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा पीठाने निकाल लोकांच्या बाजूने दिला. 20 जानेवारी 2009 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. समुद्र, किनारा, नद्या ही संपत्ती शासनाकडे जनतेचा विश्वस्त म्हणून आहे, कोणा एकाच्या लाभासाठी ती जनतेपासून तोडता येणार नाही, असे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालात मांडले आणि अटीचा भंग करणारे बांधकाम पाडण्याचा आदेश कायम केला.

येथवरची कथा न्यायसंस्थेवरचा विश्वास वाढवणारी आहे. पुढची कथा राज्यसंस्थेचे वर्गचरित्र सांगणारी आहे. निकालानंतर काही महिन्यांतच गोवा सरकारने भूसंपादन कायद्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम काढला आणि त्याला थेट 1964 पासून पूर्वलक्षी अंमल दिला! पाडावयाचे बांधकाम वाचले. मराठवाड्यात गायरानावर झोपडी घालणाऱ्या भूमिहीनासाठी कोणत्या सरकारने एवढ्या तातडीने पंचेचाळीस वर्षे मागे जाणारा कायदा केला आहे? 'कायद्यापुढे सर्व समान' हे वचन खरे. पण कायदा कोणासाठी किती लवकर बदलतो, यात समानता नसते.

किनाऱ्याच्या संरक्षणाची एकूण वाटचालही याच दिशेने झाली आहे. 1981 साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून पाचशे मीटरपर्यंतचा पट्टा बांधकामापासून मुक्त ठेवण्यास सांगितले. 19 फेब्रुवारी 1991 च्या अधिसूचनेने या भूमिकेला कायद्याचे रूप आले. परंतु ग्रामीण किनाऱ्यावर पूर्ण बंदी राहिली ती पहिल्या दोनशे मीटरांपुरती. 1994 साली हॉटेलवाल्यांच्या दडपणाखाली त्यातही सवलत देण्यात आली. ती सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये रद्द केली नसती, तर हॉटेले तेव्हाच वाळूपर्यंत पोहोचली असती. 2019 च्या अधिसूचनेने मात्र दाट वस्तीच्या ग्रामीण भागांत हा पट्टा पन्नास मीटरांवर आणून ठेवला. पाचशेचे दोनशे आणि दोनशेचे पन्नास! या प्रत्येक पायरीला 'विकास' असे नाव देण्यात आले, आणि प्रत्येक पायरीबरोबर हॉटेलाची खिडकी समुद्राच्या अधिक जवळ सरकली.

महाराष्ट्राचा किनाराही यातून सुटलेला नाही. सिंधुदुर्ग जिल्हा 1997 साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. त्याच्याही आधी वेंगुर्ले तालुक्यातील शिरोडा-वेळागर येथे पर्यटन प्रकल्पासाठी जमिनी संपादित झाल्या होत्या. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे विरोध केला. तरीही 2021 साली राज्य मंत्रिमंडळाने तेथील सुमारे 54 हेक्टर जमीन पंचतारांकित प्रकल्पासाठी एका बड्या हॉटेल कंपनीला नव्वद वर्षांच्या भाडेपट्ट्याने देण्याचा निर्णय घेतला. नव्वद वर्षे म्हणजे तीन पिढ्या. 1930 साली याच शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्रभरचे सत्याग्रही मीठ उचलण्यासाठी जमले होते. समुद्राने दिलेल्या मिठावर परक्या सरकारचा मक्ता चालणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. स्वराज्यात त्याच किनाऱ्यावर नवा मक्ता उभा राहत असेल, तर त्या सत्याग्रहाची वर्षदिने साजरी करण्यात काय हशील?

कोणी म्हणेल की हॉटेलवाला आपला पैसा घालतो आणि धोका पत्करतो, मग नफाही त्यानेच घ्यावा. प्रत्यक्षात पैसा कोणाचा हेही तपासून पाहावे. 2020 साली राज्य सरकारने आदरातिथ्य व्यवसायाला उद्योगाच्या सवलती लागू केल्या; वीज, पाणी, मालमत्ता कर औद्योगिक दराने आकारण्याचा मार्ग मोकळा झाला. 2024 च्या पर्यटन धोरणात भांडवली अनुदान आणि करांच्या परताव्याची तरतूद आहे. केंद्राचा कल याहून वेगळा नाही. ऑक्टोबर 2019 मध्ये रात्रीला साडेसात हजारांहून अधिक भाड्याच्या खोल्यांवरील वस्तू व सेवा कर 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर उतरवण्यात आला. तीन वर्षेही झाली नाहीत, तोच जुलै 2022 मध्ये हजार रुपयांखालील खोल्यांना असलेली पूर्ण सूट काढून घेऊन त्यांच्यावर 12 टक्के कर बसवण्यात आला. सप्टेंबर 2025 मध्ये तो 5 टक्क्यांवर आणला गेला. गेलेली सूट मात्र परत आली नाही. मुलीच्या परीक्षेसाठी, आईच्या शस्त्रक्रियेसाठी परगावी गेलेला माणूस ज्या लॉजमध्ये रात्र काढतो, त्याने कर सुरू केला, आणि समुद्राकडे तोंड करून झोपणाऱ्याचा कर दहा टक्क्यांनी घटला. 2025-26 साठी महाराष्ट्रात रोजगार हमीची ठरलेली मजुरी दिवसाला 312 रुपये होती. साडेसात हजारांची एक रात्र म्हणजे त्या मजुराच्या चोवीस दिवसांच्या घामाची किंमत.

या साऱ्याच्या समर्थनार्थ नेहमी रोजगाराचा मुद्दा पुढे केला जातो. तो टाळून चालणार नाही, कारण कोकणातील तरुणाला काम हवे आहे आणि मराठवाड्यातील तरुणालाही. प्रश्न असा की कोणते काम, किती दिवस आणि कोणत्या मोबदल्यात. आलिशान हॉटेलात व्यवस्थापक बाहेरचा येतो. गावच्या वाट्याला बाग, झाडलोट, धुलाई आणि पहारा येतो, तोही पुष्कळदा ठेकेदारामार्फत आणि हंगामापुरता. उलट मालवण, तारकर्लीच्या बाजूला पर्यटन महामंडळाच्या 'निवास व न्याहारी' योजनेतून घरोघरी पाहुणे उतरतात. त्यांच्या जेवणाचा, खोलीचा पैसा घरातल्या बाईच्या हातात पडतो, मासळी शेजारच्या होडीतून येते, आणि किनाऱ्याची वाट कोणाचीही अडत नाही. याच किनाऱ्यावर रापण ओढणारे मच्छीमार आहेत. गावची माणसे एकत्र येऊन जाळे टाकतात, दोराला हात लावतात आणि मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटून घेतात. सहकाराचा याहून जिवंत धडा कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? परंतु रापणीला मोकळी वाळू लागते, आणि नेमकी तीच हॉटेलाला 'निवांत' हवी असते. रोजगाराची बेरीज मांडताना गेलेल्या रोजगाराची वजाबाकीही मांडली पाहिजे. सरकारी पत्रकांत ती कधीच नसते.

समुद्र शेकडो मैल दूर. नांदेड-लातूरच्या कार्यकर्त्याने त्यासाठी डोके का शिणवावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिला दोन उत्तरे आहेत. पहिले असे की कोकण आणि मराठवाडा हे विकासाच्या एकाच पंगतीत मागे बसवले गेलेले प्रदेश आहेत. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखालील सत्यशोधन समितीने 1984 साली प्रादेशिक अनुशेषाचा आकडा सुमारे 3,187 कोटी रुपये काढला. त्यात मराठवाडा होता तसे कोकणही होते. अनुशेष म्हणजे रस्ते, पाटबंधारे, शाळा, दवाखाने यांचे थकलेले देणे. ते देणे फेडण्याऐवजी दोन्ही प्रदेशांना एकच सल्ला मिळाला : तुमच्याकडे जे आहे ते विका. कोकणाने किनारा विकावा आणि मराठवाड्याने आपले तोकडे पाणी उसाच्या रूपाने साखर कारखान्यांच्या गव्हाणीत लोटावे. त्याचा शेवट काय होतो ते लातूरने भोगले आहे. मांजरा धरण कोरडे पडले, मार्च 2016 मध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी पुकारावी लागली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पिण्याचे पाणी आणावे लागले. सार्वजनिक संपत्तीचे नियंत्रण जनतेच्या हातून सुटले की काय होते, हे लातूरकरांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे. मराठवाड्याला समुद्र नसला तरी जलाशय आहेत. धरणांच्या काठावरची जलसंपदा विभागाची विश्रामगृहे आणि मोकळ्या जागा खाजगी भागीदारीतून पर्यटनासाठी भाडेपट्ट्याने देण्याचे धोरण राज्य सरकारने 2019 सालीच आखले आहे. म्हणजे जे वायंगिणीला घडले ते उद्या विष्णुपुरीच्या किंवा मांजराच्या काठी घडू शकते. ज्यांच्या जमिनी धरणात बुडाल्या, त्यांच्याच गुरांची पाण्याकडे जाणारी वाट एखाद्या 'जलाशयदर्शनी' हॉटेलाच्या कुंपणाने अडली, तर त्या वेळी जागे होऊन उपयोग नाही.

नांदेड शहराला तर या बाबतीत कोणाकडून धडे घेण्याचे कारण नाही. 1708 साली गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला, त्या सचखंड हुजूर साहिबच्या लंगरात आलेल्याला जात, धर्म, ऐपत न विचारता पंगतीत बसवतात. 2008 च्या त्रिशताब्दी सोहळ्यासाठी देशोदेशीचे भाविक आले. त्यांच्यासाठी सार्वजनिक निधीतून रस्ते झाले, घाट बांधले गेले, यात्री निवास उभे राहिले. ती कामे आज शहराच्या उपयोगी पडत आहेत. नगीनाघाटावर उतरून गोदावरीत पाय बुडवणाऱ्याला कोणी खोली क्रमांक विचारत नाही. पाहुणचार हा शब्द मराठी माणसाने या अर्थाने वापरला आहे. ज्या घरात पाहुण्यासाठी शेजाऱ्याची वाट बंद केली जाते, तेथल्या व्यवहाराला पाहुणचार म्हणणे हा भाषेवरचाही अन्याय आहे.

कायद्याने खुले आणि व्यवहारात बंद, हा या देशातील जुना डाव आहे. 1923 साली मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला. तरीही 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंच्या समवेत चवदार तळ्यावर जाऊन ओंजळभर पाणी प्यावे लागले, तेव्हा त्या हक्काला जीव आला. त्या अमानुष अन्यायाशी हॉटेलाच्या कुंपणाची बरोबरी करण्याचे कारण नाही. परंतु त्या लढ्याची शिकवण येथेही लागू पडते : वापरला न जाणारा हक्क कागदावर राहतो, आणि कागदावरचा हक्क वटहुकमाने पुसता येतो.

म्हणून पक्षाची मागणी मोघम असून चालणार नाही. किनाऱ्यावर वा जलाशयाकाठी कोणत्याही हॉटेलाला परवानगी देण्यापूर्वी लोकांच्या वहिवाटीची मोजणी व्हावी आणि ती वाट सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात नोंदली जावी. वाट अडवणाऱ्या हॉटेलाचा परवाना आणि सवलती दोन्ही रद्द व्हाव्यात. सार्वजनिक प्रयोजन म्हणून संपादित केलेली जमीन ग्रामसभेच्या संमतीवाचून खाजगी कंपनीला देण्यात येऊ नये, आणि नव्वद वर्षांसाठी तर मुळीच देण्यात येऊ नये. कोणत्या हॉटेलाला किती अनुदान आणि किती करपरतावा मिळाला, याची यादी दरवर्षी विधिमंडळापुढे ठेवावी. मच्छीमारांच्या होड्यांची, जाळी सुकवण्याची आणि रापणीची जागा आधी राखून ठेवावी. पाहुण्याच्या आरामखुर्चीची जागा त्यानंतर पाहावी. आणि कष्टकऱ्याच्या कुटुंबाला आयुष्यात एकदा समुद्र पाहता यावा, यासाठी किनाऱ्यावर परवडतील अशी सार्वजनिक यात्री निवासे बांधावीत. लातूर-नांदेडच्या शेतमजुराच्या मुलाने समुद्र पाहणे ही चैन आहे, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी समाजवाद्यांचे भांडण आहे आणि राहील.

राज्यघटनेच्या अनुच्छेद 39 ने समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागले जावे, असा निर्देश शासनाला दिला आहे. तो निर्देश किनाऱ्याच्या वाळूला लागू आहे तसाच गोदावरीच्या काठालाही लागू आहे. येत्या ग्रामसभांत आपापल्या तालुक्यातील जलाशयांकडे जाणाऱ्या वाटांची यादी मांडून ती ठरावात नोंदवून घेणे, हे काम नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांना आजच हाती घेता येईल. त्यासाठी मोर्चाची किंवा निधीची वाट पाहण्याची गरज नाही. गावातली चार वडीलधारी माणसे बरोबर घ्यावीत, गावनकाशा पुढे ठेवावा आणि गुरे कोणत्या वाटेने पाण्यावर जातात ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. कुंपण पडल्यावर कोर्टात पंचवीस वर्षे झगडण्यापेक्षा कुंपणाआधी केलेली ही नोंद अधिक उपयोगी पडेल.